देणाऱ्याला पाचपैकी दोन

२२ नोव्हेंबर १९९७, शनिवार. रक्कम रुपये नऊ लाख साठ हजार, तीन सारख्या हप्त्यांत. हजर: देणगीदार परदेशी संस्थेच्या दिल्ली कार्यालयातले माथुरसाहेब, आमच्या बालाघाटच्या संस्थेचे संचालक शुक्लाजी, मी हिशेबनीस, आणि गावच्या बोडी समितीची अकरा माणसं. गाव हट्टा या बाजारगावापासून सात किलोमीटर आत. बोडी म्हणजे आमच्याकडचा धानाला पाणी देणारा लहान तलाव. गावची जुनी बोडी गाळानं भरली होती. ती खोल करायची, नवी मातीची पाळ घालायची आणि जास्तीचं पाणी सुरक्षित बाहेर जावं म्हणून दगडी सांडवा बांधायचा, असं काम होतं.

करारनामा विहाराच्या अंगणात सतरंजीवर ठेवला होता. दहा जणांच्या सह्या आणि अंगठे झाले. अकरावी सही अध्यक्षांची. अध्यक्ष अंजनाबाई मेश्राम पेन हातात घेऊन थांबल्या आणि मला म्हणाल्या, "बाबूजी, आमी काय काय करू ते याच्यात लिहेल हाय. चौदा गोष्टी. मी मोजल्या. हे लोक काय करतीन ते कोन्या पानावर हाय?"

मी पानं उलटली. तसं पान नव्हतं. तीन वर्षं मी असे करारनामे टाइप करून घेत होतो, पण तसं पान नाही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

शुक्लाजी हसून म्हणाले, "अरे बाई, दान की बछिया के दाँत नहीं गिने जाते."

"हौ साहेब," अंजनाबाई म्हणाल्या, "पन बछिया कवा येईन थे तं सांगा. आमी गोठा बांधून बसू अन् बछिया दिल्लीतच चरत राह्यली तं?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माथुरसाहेबांनाही हसू आलं. चांगल्या मूडमध्ये होते. दुपारी कोंबडीचं जेवण झालं होतं. "लिखो भाई, पंद्रहवीं शर्त भी लिखो," ते मला म्हणाले. मी हातानं लिहिलं: पहिला हप्ता १५ डिसेंबर १९९७, दुसरा १५ फेब्रुवारी १९९८, तिसरा १५ एप्रिल १९९८. माथुरसाहेबांनी शेजारी सही केली, गंमत म्हणून. अंजनाबाईंनी मग स्वतःची सही केली. अक्षरं मोठी, एकेक सुटं. सहीला पाऊण मिनिट लागलं, आणि तेवढा वेळ त्यांनी सगळ्यांना थांबवून ठेवलं.

ही आमची पहिली भेट. तेव्हा त्यांचं वय बावन्नच्या आसपास असावं. जन्मतारीख त्यांना ठाऊक नव्हती आणि अंदाजानं सांगायची त्यांची तयारी नव्हती. उंची बेताची, अंग काटक, उजव्या खांद्यावर टोपली वाहून पडलेला घट्टा. उकव्याकडच्या एका खाणीत त्यांनी एकोणीस वर्षं मँगनीज भरला होता. नवरा गेल्यावर सासरच्या गावी परतल्या. दोन एकर धान, एक मुलगा, एक सून.

खाणीतली त्यांची एक गोष्ट मी त्यांच्या तोंडून तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा आकडे तेच निघाले, म्हणून इथे देतो. तिथे मजुरी खोक्यावर मिळायची. लाकडी खोकं मँगनीजनं भरलं की एक खूण. एका ठेकेदारानं जुनं खोकं मोडलं म्हणून नवं आणलं. सगळे भरायला लागले. अंजनाबाई मात्र टोपली खाली ठेवून रिकाम्या खोक्यात जाऊन बसल्या.

"जुन्या खोक्यात मी बसली का डोकं काठाच्या बरोबर यायचं," त्या सांगत. "नव्यात बसली तं काठ माह्या डोक्याच्या चार बोटं वर! ठेकेदार म्हणे, बाई, बाहेर नीघ. मी म्हटलं, खोकं लहान करशीन तवाच निघीन. दुपारपावतर बसली. कोनी माह्या डोक्यावर मँगनीज टाकते का?"

कोणी टाकला नाही. संध्याकाळी सुतार आला आणि चार बोटं कापून गेला. तेव्हापासून कुठलंही माप आलं की अंजनाबाई म्हणत, "आधी आत बसून पाहा."

माझ्याही बाबतीत त्या आत बसून पाहत. सुरुवातीला मी गावात जाताना घरून पाण्याची बाटली नेत असे. पोट नाजूक आहे, असं मी सांगायचो, आणि पोट खरंच नाजूक होतं. पण तेवढंच कारण होतं असं लिहिलं तर खोटं होईल. आमचं घर तीन पिढ्या सरकारी नोकरीतलं, आणि काही सवयी पगारासारख्या वारशानं आलेल्या. तिसऱ्या खेपेला अंजनाबाईंनी बाटलीकडे पाहून विचारलं, "बाबूजी, आमच्या गावाच्या पान्यासाठी नऊ लाख आनता, अन् स्वतःचं पानी घरून? आमाले वाटते, तुमाले मालूम हाय का पानी खराब हाय, अन् आमाले सांगून नाई राह्यले." रागानं नाही, चौकशीच्या सुरात. मी त्यांच्या घरचं पाणी प्यालो. पोटाला काही झालं नाही.

काम सुरू झालं. पहिला हप्ता ९ जानेवारीला आला, पंचवीस दिवस उशिरा. दुसरा २१ एप्रिलला, पासष्ट दिवस उशिरा. अंजनाबाईंनी विहाराच्या भिंतीवर कोळशानं दोन ओळी ओढून घेतल्या होत्या. वर कबूल तारीख, खाली आलेली तारीख. गाळ निघाला, पाळ उभी राहिली. सांडव्याचे दगड, सिमेंट आणि गवंडी तिसऱ्या हप्त्यातून यायचे होते.

तिसऱ्याची वाट पाहतानाच, मे महिन्यात, त्यांच्या पुतणीचं लग्न झालं. त्या गावची एक रीत आहे. लग्नात आहेर माइकवरून वाचतात, हे आमच्या भागात सगळीकडेच चालतं. पण या गावात साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी कोणी काय देणार ते बोलून टाकतात, वहीत ते मांडतात, आणि लग्नात दोन्ही वाचतात: कबूल काय होतं आणि आलं काय. साक्षगंधाला मी सहज बोलून गेलो होतो की भिंतीवरचं घड्याळ देईन. नंतर बाजारात घड्याळांचे भाव विचारले आणि स्टीलचा डबा घेतला. मांडवात साडेतीनशे माणसांसमोर भोंगा ओरडला, "बालाघाटचे हिशेबवाले बाबूजी. कबूल घड्याळ. आला डबा."

कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं. त्यांच्या दृष्टीनं ती निव्वळ नोंद होती. पुढच्या आठवड्यात मी घड्याळ नेऊन दिलं. महिन्याभरानं दुसऱ्या कोणाच्या लग्नात भोंग्यावरून तेही सांगितलं गेलं, की बाबूजींची बाकी जमा झाली. अंजनाबाई म्हणाल्या, "आता तुमचं तोंड साफ झालं. देनारा मोठा असो का लहान, त्याले तोंड साफ करायची संधी द्या लागते. वाचलंच नाई तं तो साफ कसा करीन?"

जून उजाडला तरी तिसरा हप्ता आला नव्हता. मी दिल्लीला चार पत्रं आणि सहा तारा पाठवल्या. उत्तर एकच, प्रकरण विचाराधीन आहे. आठ जूनला ब्लॉकचे ओव्हरसियर पाळ पाहायला आले. सांडवा नसलेल्या पाळीवरून एकदा पाणी गेलं की पाळ उभी वाहून जाते, आणि तिच्या खाली चाळीस एकर धानाची जमीन आणि सतरा घरं आहेत, असं ते म्हणाले. दोन उपाय उरले होते. पैसे येणं किंवा पाळ मधोमध फोडून पाण्याला वाट करून देणं.

अंजनाबाईंनी पाच दिवस थांबून पाहिलं. तेरा जूनला सकाळी त्या कुदळ घेऊन पाळीवर चढल्या. सहा महिने ज्यांनी माती वाहिली होती तेच सगळे खाली उभे होते. कोणी पुढे होईना. पहिला घाव त्यांनीच घातला आणि मान वर करून ओरडल्या, "रडाचं असन तं नंतर रडा. आता फावडे आना. खाली कोनाची लेकरं निजतेत?"

दुपारपर्यंत वीस फुटांचा भाग कापून झाला. त्या वर्षी सतरा घरं वाचली, धान नेहमीसारखंच पावसाच्या भरवशावर राहिलं आणि बोडीत कमरेएवढंही पाणी टिकलं नाही. कापलेल्या कडेला उभ्या राहून अंजनाबाईंनी मला विचारलं, "बाबूजी, तुमच्या वहीत हे कोन्या खात्यात लिहिता?" माझ्याकडे तसं खातं नव्हतं.

२ फेब्रुवारी १९९९ रोजी दिल्लीहून पत्र आलं. तिसऱ्या हप्त्यापूर्वी कामाचं मूल्यमापन होईल. पथक ११ तारखेला येईल. मूल्यमापनाचा खर्च तिसऱ्या हप्त्यातून वळता केला जाईल. सोबत खर्चाचा अंदाज: जीप ९,८००, नागपूरचं हॉटेल १४,२००, दुभाषी ४,०००, अहवाल लेखन आणि छपाई १८,०००. एकूण ४६,०००. पत्र गोपनीय नव्हतं. पण अशी पत्रं गावात न्यायची नसतात, हे आमच्या संस्थेत सगळ्यांना न सांगता समजत असे.

दुसऱ्याच दिवशी अंजनाबाई बसनं बालाघाटला आल्या, ऑफिसात माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "पैशाचं काई आलं का?"

मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. एवढं मात्र इथे नोंदवतो की वाचण्याआधी मी उठून दार लावलं होतं. धैर्य म्हणावं असं त्यात काही नव्हतं. सेहेचाळीस हजार त्यांनी मला दोनदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "अठरा हजारात कागद? तेवढ्यात आमच्या गवंड्याची मजुरी होते." पुढे त्यांनी विचारलं, "अन् तुमचा पगार? तो बी याच्यातूनच?"

"हो. महिन्याला चार हजार दोनशे."

"मंग तो बी लिहा. सगळं मोठ्या अक्षरात लिहून द्या. मले बारीक दिसत नाई."

अकरा फेब्रुवारीला पथक आलं. माथुरसाहेब, एक उंच परदेशी तज्ज्ञ आणि दुभाषी. शुक्लाजी त्यांच्यासोबत जीपमध्ये होते. विहाराच्या अंगणात दीडशे माणसं जमली होती आणि कडुनिंबाला लग्नातला भोंगा बांधलेला होता. शुक्लाजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ये माइक किसने लगवाया?" मला खरंच माहीत नव्हतं.

तज्ज्ञांनी छापील फॉर्म काढला. प्रत्येक मुद्द्याला पाचपैकी गुण. काम वेळेवर झालं का? पैसा ठरल्याप्रमाणे वापरला का? लोकांना माहिती दिली का? दुभाषी एकेक प्रश्न हिंदीतून विचारत गेला. लोक उत्तरं देत गेले. शेवटी काम अपूर्ण, म्हणून वेळेच्या मुद्द्याला एक गुण पडला. अंजनाबाईंनी तो फॉर्म मागून घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि तज्ज्ञांना म्हणाल्या, "सवाल चांगले हायेत. आता हेच सवाल आमी तुमाले विचारतो."

दुभाष्यानं माथुरसाहेबांकडे पाहिलं. माथुरसाहेब घड्याळाकडे पाहू लागले. तेवढ्यात अंजनाबाई माइकशी पोहोचल्या होत्या. हातात मी लिहून दिलेला कागद. त्या अडखळत पण मोठ्यानं वाचू लागल्या, अगदी आहेर वाचावा तशा.

"परदेशी संस्था, ठिकाण दिल्ली. कबूल पंधरा डिसेंबर. आला नऊ जानेवारी. कबूल पंधरा फेब्रुवारी. आला एकवीस एप्रिल. कबूल पंधरा एप्रिल. आज अकरा फेब्रुवारी. आला नाई. कबूल तीन लाख वीस हजार. त्यातून जीप, हॉटेल, छपाई कापून येनार दोन लाख चौऱ्याहत्तर हजार. हिशेबवाले बाबूजी, पगार महिना चार हजार दोनशे, टायमावर भेटते."

शेवटच्या वाक्याला दीडशे माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. पण ते वाक्य खरं होतं. पगार एकदाही चुकला नव्हता.

शुक्लाजी धावतच माइकवाल्याकडे गेले. "बंद करो ये!"

माइकवाला खुर्चीवरून उठला नाही. "बाईनं साठ रुपये भाडं देलं हाय साहेब. संध्याकाळपावतर."

"आता गुन," अंजनाबाई म्हणाल्या. "पाचपैकी सांगा रे. कोनी किती?" मागून कोणीतरी ओरडलं, "भोपळा!" अंजनाबाईंनी त्याला झापलं. "भोपळा काहून? दोन हप्ते आले नाई का? उशिरा आले, पन आले. त्याचे दोन. तिसऱ्याचा काई नाई. आपल्याशी बेइमानी केली म्हनून आपन करू का?" मग तज्ज्ञांकडे वळून: "लिहा साहेब. पाचपैकी दोन."

दुभाष्यानं यातल्या कशाचंही भाषांतर केलं नव्हतं. तज्ज्ञांनी त्याला काहीतरी विचारलं, दोनदा विचारलं, तेव्हा त्यानं हळू आवाजात सगळं सांगितलं. तज्ज्ञांचा चेहरा लाल झाला. त्यांनी करारनामा मागितला. मी फाइलमधून काढून दिला. पंधरावी अट आणि शेजारची सही त्यांनी बराच वेळ पाहिली, आपल्या वहीत काही लिहिलं आणि ते पाळीचा कापलेला भाग पाहायला चालू लागले. अंजनाबाई त्यांच्यामागून गेल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अंजनाबाईंनी कुदळ मारल्याचा हात करून दाखवला आणि स्वतःच्या छातीकडे बोट केलं, एवढं मी दुरून पाहिलं.

पंधरा दिवसांनी दिल्लीहून अहवालाचा मसुदा आला. त्यात गावाचे गुण होते, गावानं दिलेले गुण नव्हते. समितीनं सही केली की हप्ता सुटेल, असं माथुरसाहेबांनी फोनवर शुक्लाजींना कळवलं. सही केली नाही तर प्रकल्प अपूर्ण म्हणून बंद.

विहारात बैठक झाली, आणि अंजनाबाईंना गावातूनच ऐकून घ्यावं लागलं. त्यांच्या शेजारची पार्वताबाई उभी राहून म्हणाली, "अंजना, तुह्या ताठ्यापायी अजून एक साल जाईन. गुन काय पोटात घालाचे? माह्या पोराले नागपूरले विटा वाहाले धाडू का?" बऱ्याच जणांनी मान डोलावली. अंजनाबाई जमिनीकडे पाहत बसून राहिल्या.  मग म्हणाल्या, "पार्वता, तू बराबर बोलतेस. सही करू. पन ज्या उशिरापायी आपली पाळ फुटली त्याच्या कागदावर फक्त आपलंच पाप लिहेल असन, तं पुढच्या गावाची बी फुटन. आपला कागद त्याच्या मागं टाचू अन् दोन्ही धाडू. दिल्लीले एक, अन् ज्या गावातून यांचा पैसा निघते त्या गावाले एक. मंग पैसा नाई आला तं माह्या दोन एकरातून सांडव्याचा दगड घ्या."

पार्वताबाई म्हणाली, "तुह्या दोन एकरात दगडच हायेत, दुसरं हाय काय!" त्यावर सगळे हसले आणि ठराव झाला.

इंग्रजी पत्र मी घरी लिहिलं. मुख्य कार्यालयाचा पत्ता त्यांच्याच पत्राच्या तळाशी छापलेला होता. बायकोनं मसुदा वाचला. "तुमची नोकरी जाईल याच्यात," ती म्हणाली. आमच्या दोन्ही मुली शाळेत होत्या, घर भाड्याचं होतं. तिनं कागद परत दिला. "मग तारखा तरी पुन्हा एकदा तपासा. चुकीच्या आकड्यापायी गेली तर मी बोलून घेईन." मी तारखा तपासल्या. ३ मार्चला दोन्ही पाकिटं रजिस्टर्ड पोस्टानं गेली, पोचपावतीसह.

६ एप्रिल १९९९ रोजी दोन लाख चौऱ्याहत्तर हजार आले. कबूल तारखेनंतर तीनशे छप्पन्न दिवसांनी. मुख्य कार्यालयाचं दोन ओळींचं पत्रही आलं, की आपली टिप्पणी नोंदवण्यात आली आहे. त्यांनी पुढे आपली रीत बदलली का, मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी लिहीत नाही.

त्या पैशात दगड, सिमेंट आणि गवंडी बसले. पाळीचा कापलेला भाग भरायला मजुरी उरली नाही, कारण ती छपाईत आणि हॉटेलात गेली होती. एकसष्ट जणांनी सोळा दिवस बिनमजुरी माती वाहिली. अंजनाबाईंनी रोज हजेरी लावून घेतली. मी म्हटलं, "पैसेच नाहीत, तर हजेरी कशाला?"

"फुकट काम अन् बाकी राह्यलेलं काम, याच्यात फरक हाय बाबूजी. आमी फुकट नाई करून राह्यलो."

त्या पावसाळ्यात बोडी भरली, सांडव्यावरून पाणी शिस्तीत गेलं, आणि ऑक्टोबरात जे शेत दरवर्षी हातचं जायचं त्याला शेवटचं पाणी मिळालं. पार्वताबाईचा मुलगा नागपूरला गेला नाही. गावाचं म्हणाल तर काम झालं होतं. अंजनाबाईंचं झालं नव्हतं. दर महिन्याच्या पंधरा तारखेला दिल्लीला एक पोस्टकार्ड जाऊ लागलं: "सेहेचाळीस हजार बाकी. एकसष्ट मजूर, सोळा दिवस. कळावे." मजकूर त्यांचा, अक्षर माझं, सही त्यांची. शुक्लाजींनी एकदा त्यांना बोलावून सांगितलं की बाई, आता मोठं मन करा. त्या म्हणाल्या, "मोठं मन त्याईचं हाय, म्हनून तं दान करतेत. आमचं मन मजुराचं, तेवढंच हाय."

मार्च २००० मध्ये माझा करार संस्थेनं पुढे वाढवला नाही. कारण लेखी दिलं नाही. मी मागितलं होतं. तेव्हापासून मी बालाघाटच्या दोन राइस मिलचे हिशेब पाहतो. पगार तेव्हा तीनशे रुपयांनी कमी होता. अंजनाबाईंना कळलं तेव्हा त्या बसनं घरी आल्या, बायकोशी तासभर बोलल्या, एक पायली तांदूळ ठेवून गेल्या. नोकरीबद्दल मला म्हणाल्या, "वाईट झालं." एवढंच. खोटा धीर देण्याचं काम त्यांनी कधी केलं नाही. पुढच्या पंधरा तारखेला कार्ड घेऊन पुन्हा हजर.

२००० च्या दिवाळीपासून त्यांना दम लागणं वाढलं. खाणीतली धूळ, असं बालाघाटचे डॉक्टर म्हणाले. डिसेंबरचं कार्ड लिहायला मी त्यांच्याकडे गेलो. खाटेवर भिंतीला टेकून त्यांनी सही केली. सहीला दोन मिनिटं लागली. मी म्हटलं, "आता तुम्ही आराम करा. तीन वर्षं झाली या भांडणाला. त्यांना काही फरक पडत नाही."

"फरक त्याईले पडो म्हनून आपन लिहितो का? बाकी हाय म्हनून लिहितो." दम घेतला. "मी गेली म्हनून तारीख थोडी जाते? जानेवारीचं कार्ड कोनाच्या नावानं धाडसान?"

"समितीच्या."

"मंग ठीक हाय."

त्या ९ जानेवारी २००१ ला गेल्या. १५ जानेवारीचं कार्ड गेलं. फेब्रुवारीचं, मार्चचं, सगळी गेली. सही आता पार्वताबाई करत होती. माथुरसाहेब मधल्या काळात बदलून गेले. ३० जुलैला चेक आला, समितीच्या नावानं, रुपये सेहेचाळीस हजार. सोबत पत्र नव्हतं.

१२ ऑगस्ट २००१, रविवार. विहाराच्या अंगणात हजेरीपत्रकाप्रमाणे वाटप झालं. एकसष्ट जणांना प्रत्येकी सातशे चोपन्न रुपये. दोघं गाव सोडून गेले होते, त्यांचे पैसे भावांनी सही करून घेतले. अंजनाबाईंचे सातशे चोपन्न त्यांची सून रेखा हिनं घेतले, दोनदा मोजले. एकूण वाटप पंचेचाळीस हजार नऊशे चौऱ्याण्णव.

सहा रुपये उरले. चहा प्या, असं कोणी म्हणालं. पार्वताबाई म्हणाली, "आपले नाईत." सोमवारी मी हट्ट्याच्या पोस्टात गेलो. मनीऑर्डर रुपये सहा, देणगीदार संस्था, दिल्ली कार्यालय. कमिशन एक रुपया, माझ्याकडून. पोच २७ ऑगस्टला आली, शिक्का आणि सहीसह.